मुंबईकरांची अलिबाग सहल : मधल्या पाण्याची पार्श्वभूमी

गेटवेवरून मांडव्याला जाणारी बोट तासाभरात पलीकडच्या धक्क्याला लागते. पुढच्या बसचे पैसे बहुतेक वेळा तिकिटातच धरलेले असतात. सकाळी सातच्या आसपास घर सोडलेला माणूस अकराच्या आत नागावच्या वाडीत शहाळं पीत बसलेला असतो आणि रात्रीच्या जेवणाला दादरला परत येतो. याच अलिबागला पेण-वडखळवरून रस्त्याने जायचं तर शंभरेक किलोमीटर पडतात. पाण्यातून मांडवा वीसेक किलोमीटरवर आहे. ही एका दिवसाची सहल आज इतकी सहज वाटते की तिला काही इतिहास असेल, असं मनात येत नाही. पण अलिबाग तालुका मुंबईच्या तोंडासमोर असून हिरवा का राहिला, याचं उत्तर या मधल्या पाण्याच्या पट्ट्यात आहे. ते पाणी कोणी, कधी आणि कशावरून ओलांडलं, ते बघत गेलं की सहलीची गोष्ट आपोआप उलगडते.

हिरवाई मुळात पर्यटकांसाठी लावलेली नव्हती. उत्तरेला आवास-सासवण्यापासून किहीम, थळ, अलिबाग, आक्षी, नागाव करत चौल-रेवदंड्यापर्यंतच्या पट्ट्याला अष्टागर म्हणतात. आठ गावं नेमकी कोणती, यावर दोन अलिबागकरांचं एकमत होणं कठीण. ज्याचं गाव यादीतून सुटतं तो भांडतो. ही आगरं म्हणजे नारळी-पोफळीच्या बागा. नागाव-आक्षीकडे वाड्या लांबट असतात, पुढचं टोक रस्त्याला आणि मागचं टोक समुद्राच्या वाळूला. वर माड, त्याखाली पोफळी, पोफळीच्या सावलीत केळी, जायफळ, कडेला अळू, आणि समुद्राच्या बाजूला वारा अडवायला सुरूची झाडं. मध्ये विहीर, पूर्वी तिच्यावर रहाट असायचा. लोट्यांनी वर आलेलं पाणी पाटातून एकेका आळ्यात फिरायचं आणि एक आळं भरलं की पायाने माती सारून पुढचं उघडायचं. आता पंप आले, पण पाट आणि आळी बऱ्याच वाड्यांत तशीच आहेत. भर एप्रिलच्या दुपारी वाडीत शिरल्यावर जो गारवा लागतो, तो या रोजच्या शिंपण्याचा असतो. एक उन्हाळा पाणी दिलं नाही तर पोफळी वाळून जातात. म्हणून शहरातून आलेला माणूस ज्याला ‘निसर्ग’ म्हणतो, ते खरं तर पिढ्यान्‌पिढ्यांचं शेतकाम आहे.

वस्तीही जुनी आहे. आक्षीचा शिलालेख शके 934 म्हणजे इ. स. 1012 चा मानला जातो आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांमध्ये त्याचं नाव घेतात. चौल तर त्याहून कितीतरी आधीपासून परदेशी व्यापाऱ्यांना माहीत असलेलं बंदर. मुंबई बेटांवर फारसं काही नव्हतं, तेव्हा चौलच्या खाडीत अरबी आणि नंतर पोर्तुगीज जहाजं लागत होती. गंमत म्हणजे त्या काळी गजबजलेलं शहर या किनाऱ्यावर होतं आणि निवांत हिरवी बेटं पलीकडे.

मुंबई इंग्रजांच्या हाती वाढू लागली, तशी मधल्या पाण्याची सरहद्द झाली. शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी खांदेरीवर तटबंदी सुरू केली आणि इंग्रजांनी ती थांबवण्यासाठी लढाई केली, तरी किल्ला उभा राहिला. पुढच्याच वर्षी अलिबागसमोर कुलाबा किल्ल्याचं काम सुरू झालं. त्यानंतर कान्होजी आंग्रे यांचं आरमार. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांनी मिळून कुलाब्यावर हल्ला केला आणि हात हलवत परत गेले. कान्होजी 1729 मध्ये वारले. त्यांची समाधी अलिबाग गावातच आहे, बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर. किनाऱ्यावर घोडागाडीत बसणाऱ्यांपैकी फार थोडे तिकडे वळतात. आंग्र्यांचं संस्थान 1840 मध्ये इंग्रजांनी खालसा केलं, तोवर मुंबईतल्या कुणाला हवापालटासाठी इकडे यावंसं वाटलं असेल, असं वाटत नाही. शत्रूच्या मुलखात कोण सहलीला जातो!

(खांदेरी 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. भरतीला पाण्याने वेढला जाणारा आणि ओहोटीला चालत जाता येणारा कुलाबा मात्र त्या यादीत नाही. अलिबागकरांना हे अजून पचलेलं नाही.)

संस्थान गेल्यावर सरहद्द मिटली आणि लगोलग रहदारी वाढली. त्याच सुमारास लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी मुंबईत धक्का बांधला. तोच भाऊचा धक्का, जरी आजची जागा मूळची नाही. वाडीतला नारळ, सुपारी, भाजी मुंबईला जाऊ लागली आणि माणसंही. गिरणीत, गोदीत, पेढीवर नोकरी धरलेला इकडचा माणूस सणाला आगबोटीने रेवसला उतरायचा. या मार्गावरचा पहिला मोठा प्रवासी वर्ग हा चाकरमान्यांचा. सहलीला येणारे फार नंतर आले.

मुंबईच्या गोंगाटाला कंटाळून अलिबागला आलेला पहिला नामांकित पाहुणा कोण, असं विचारलं तर माझं उत्तर आहे : एक चुंबकसूची. कुलाब्याच्या, म्हणजे मुंबईतल्या कुलाब्याच्या, वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होत होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. विजेचा प्रवाह जवळून वाहू लागला की चुंबकसूची नीट उभी राहत नाही, मोजणी बिघडते. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागची जागा निवडली. लोखंडाचा अंश नको म्हणून इमारतीसाठी तपासून घेतलेला पोरबंदरी दगड वापरला. 1904 मध्ये इथे काम सुरू झालं आणि जुन्या-नव्या नोंदींचा मेळ बसावा म्हणून दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालली. 1907 मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली, तेव्हा सूची पाण्याच्या या बाजूला निश्चिंत होती. ती वेधशाळा आजही चालू आहे. मुंबई आणि अलिबाग मिळून दीडशेहून जास्त वर्षांच्या सलग नोंदी जगात फार थोड्या ठिकाणी आहेत. शहराजवळ असूनही शहरापासून तुटलेलं, हा अलिबागचा गुण सगळ्यांत आधी शास्त्रज्ञांनी ओळखला, एवढंच मला म्हणायचं आहे.

दुसरे पाहुणे पक्षितज्ज्ञ सलीम अली. हातातली नोकरी गेलेली, अशा काळात ते किहीमला येऊन राहिले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. पावसाळ्यात शिडीवर उभारलेल्या आडोशात बसून त्यांनी त्या पक्ष्यांचा संसार न्याहाळला. नर अर्धवट घरटी विणून ठेवतो, मादी येऊन पाहते, पसंत पडलं तर मुक्काम करते, आणि ती अंडी घालून बसली की नर दुसऱ्या घरट्याच्या खटपटीला लागतो. तोवर नीट कोणी न टिपलेली ही रीत 1931 मध्ये छापून आली आणि त्यांचं नाव झालं. शेजारच्या सासवण्यात शिल्पकार विनायक करमरकर यांचं घर. पुण्याच्या अश्वारूढ शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे (1928) शिल्पकार तेच. घरात आणि अंगणात त्यांच्या मूर्ती मांडलेल्या आहेत. सिमेंटची म्हैस बघून लहान मुलं अजून दचकतात. एका दिवसात एकच ठिकाण बघायचं झालं तर मी समुद्र सोडून हे घर बघायला सांगेन.

पाणी तसं सोपं मात्र कधीच नव्हतं. 17 जुलै 1947, गटारी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ बोट सकाळी रेवसला निघाली. सणाला घरी चाललेल्या माणसांनी ती भरलेली होती. वादळी लाटेत ती काश्याच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेंहून अधिक माणसं बुडाली. बिनतारी यंत्रणा नसल्याने मुंबईला कित्येक तास पत्ताच नव्हता. ससून डॉककडे निघालेल्या कोळ्यांनी होड्यांतली मासळी पाण्यात लोटून काही जणांना वर ओढलं, ही आठवण अजून सांगतात. रेवस, मांडवा, पोयनाडच्या पट्ट्यात त्या दिवशी कितीतरी घरांत चूल पेटली नाही. स्वातंत्र्याच्या गडबडीत ही दुर्घटना वर्तमानपत्रांतून लवकर मागे पडली. इथे मात्र पावसात बोटीत बसू नये हे पुढच्या पिढ्यांना वेगळं शिकवावं लागलं नाही. गेटवेच्या बोटी आजही पावसाळ्यात बंद असतात.

सत्तरीच्या दशकाच्या शेवटी वेगळाच पाहुणा आला : थळचा खत कारखाना. मुंबईतल्या पर्यावरणवाद्यांनी विरोध केला, त्यातून बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपसारखी संस्था उभी राहिली, पण कारखाना झाला आणि 1985 मध्ये सुरू झाला. तालुक्याला नोकऱ्या मिळाल्या, हेही खरं. त्या लढ्याला यश आलं नाही, असं म्हणणं मात्र घाईचं ठरेल. किनारा वाचवायला हवा हा विषय त्या वर्षांत दिल्लीपर्यंत पोचलेला होता. नोव्हेंबर 1981 मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून 500 मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितलं. 1989 मध्ये रेवदंडा खाडीपासून श्रीवर्धनजवळच्या देवगड टोकापर्यंतच्या मुरूड-जंजिरा किनाऱ्याला एक किलोमीटर आत उद्योगबंदी आली. फेब्रुवारी 1991 मध्ये देशभरासाठी सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर बंधन घालणारी नियमावली, आली. त्या नियमांना पळवाटा काढणारे निघालेच. आवासपासून किहीमपर्यंत उंच भिंतींमागे बंगले उठले. त्यांपैकी एका फरारी हिरे व्यापाऱ्याचा किहीमचा बंगला सरकारला मार्च 2019 मध्ये सुरुंग लावून पाडावा लागला. नियम नसते तर काय झालं असतं, याचा अंदाज या एका बंगल्यावरून येतो.

त्याच 2019 मध्ये ‘अलिबागसे आया है क्या’ या टोमण्याविरुद्ध तालुक्यातल्या एकाने उच्च न्यायालयात याचिका केली आणि न्यायालयाने ती फेटाळली. टोमणा मारणाऱ्यांनीच पुढे इथे गुंठे घेतले, हा भाग याचिकेत नव्हता.

पुढचं वर्ष दोन गोष्टींचं. मार्च 2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, सुरू झाली. पहिल्यांदाच मुंबईची गाडी समुद्रावरून थेट अलिबाग तालुक्यात उतरली. आणि 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या वाड्यांत नारळी-पोफळी काडीसारख्या मोडल्या. पत्रे आणि कौलं महिन्याभरात आली, पण पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात आणि माडालाही तितकीच. वरचं छत्र गेल्यावर खालची जायफळं उन्हाने भाजली. काहींनी पुन्हा रोपं लावली. काहींनी मोकळ्या झालेल्या जागेत चार खोल्या बांधून ‘होम स्टे’चा फलक लावला. त्यांना दोष कसा द्यायचा? सुपारीची वाट बघताना घर चालवायचं असतं. पण वाडी बघायला येणाऱ्याला खोली द्यायची म्हणून वाडीच कमी होते, हा पेच त्या वादळापासून जास्त उघडा पडला.

जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू झाला आणि रस्त्याचंही अंतर आटलं. रेवस-करंजा पूल बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असल्यापासून चर्चेत आहे. आता त्याचं काम सुरू झालंय. तो झाला की धरमतरची खाडीसुद्धा आड येणार नाही. आजवरची सहल एका दिवसाची होती, कारण मांडव्याहून सुटणारी संध्याकाळची बोट गाठायची असायची. गाडी आणणाऱ्याला ती घाई नाही. तो मुक्काम करतो, मग जागा विचारतो. तालुक्याच्या वाढत्या जमीनभावामागे हा साधा बदल आहे, असं माझं मत.

ज्यांना जुन्या पद्धतीची सहल करायची आहे, त्यांनी ऑक्टोबर ते मे गाडी मुंबईत ठेवून गेटवेची बोट धरावी. चोंढी नाक्यावर उतरलं तर किहीम आणि सासवणं दोन्ही रिक्षाने जवळ. पायांत जोर असेल तर मापगावहून कनकेश्वराच्या सातशेहून अधिक पायऱ्या आहेत आणि वरपर्यंत बरीचशी सावली. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतील. या कांद्याला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळालं आहे, म्हणून बाहेरचा कांदाही त्याच नावाने खपवतात. अलिबाग तालुक्यातल्या (लोणावळ्याकडच्या नव्हे) कार्ले-खंडाळ्याच्या बाजूचा आहे ना, हे विचारून घ्या. आणि परतीच्या बोटीची वेळ सकाळी उतरल्या उतरल्या मांडव्याच्या खिडकीवरच पक्की करा.