कीटक-भयपट : कमी खर्चातली निर्मिती आणि प्रेक्षकांचे मत

कीटक-भयपट हा भयपटाचा एक प्रकार आहे. किरणोत्सर्ग, कीटकनाशक किंवा प्रयोगशाळेतली चूक यांमुळे एखाद्या कीटकात उत्परिवर्तन, म्हणजे जनुकांतला बदल, होते. तो अवाढव्य, विषारी किंवा नरभक्षक बनतो आणि वस्तीवर चाल करून येतो, हा त्याचा ठरलेला गाभा. कोळी आणि विंचू यांना आठ पाय असतात, ते कीटक नव्हेत. पण पडद्यावरच्या व्यवहारात त्यांचेही चित्रपट याच खात्यात धरले जातात. यांतले बहुसंख्य चित्रपट तुटपुंज्या पैशात बनतात आणि त्यांच्याबद्दलची मते मात्र टोकाची असतात. एकच चित्रपट कुणाला वेळेची नासाडी वाटतो, तर कुणी तो चौथ्यांदा पाहतो. ही मते वरवर लहरी दिसली तरी त्यांमागे बऱ्यापैकी पक्के निकष आहेत. कोल्हापूरसारख्या ऊसपट्ट्यात ते अधिक ठळक होतात, कारण इथल्या प्रेक्षकाला कीड म्हणजे काय हे शिवारातून ठाऊक असते.

उगम. हर्मन मुलर यांनी 1927 मध्ये क्ष-किरणांनी फळमाशीत उत्परिवर्तने घडवता येतात हे दाखवले. त्यासाठी त्यांना 1946 चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच सुमारास अणुबॉम्ब पडले होते आणि किरणोत्सर्गाची भीती घरोघरी पोचली होती. 1954 च्या ‘देम!’ या अमेरिकी चित्रपटात न्यू मेक्सिकोतील पहिल्या अणुचाचणीमुळे राक्षसी झालेल्या मुंग्या आहेत, आणि पुढच्या अनेक चित्रपटांनी हाच साचा उचलला. त्यात मुंगी दिसण्याआधी तिचा आवाज, उद्ध्वस्त घर आणि भेदरलेली मुलगी येते. हा क्रम आजही कमी खर्चाच्या दिग्दर्शकाला सर्वांत उपयोगी पडतो, कारण त्याला जवळजवळ पैसे लागत नाहीत. ‘द फ्लाय’ने (1958, नवी आवृत्ती 1986) दुसरी वाट काढली : माशी मोठी होण्याऐवजी माणूसच माशी होत जातो. 1986 च्या आवृत्तीला रंगभूषेचे ऑस्कर मिळाले.

आकाराचा हिशेब. कीटक दहापट लांब झाला तर त्याच्या पायांचा छेद शंभरपट होतो, वजन मात्र हजारपट. म्हणजे प्रत्येक पायावर दहापट जादा ताण. शिवाय कीटकाला फुप्फुसे नसतात. अंगावरच्या छिद्रांतून निघालेल्या श्वासनलिका हवा थेट पेशींपर्यंत नेतात आणि हा मार्ग लांबला की प्राणवायू पुरत नाही. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी चतुरासारख्या मेगॅन्युरा या कीटकाच्या पंखांचा पसारा 65 ते 70 सेंटिमीटर होता. त्या काळी हवेत प्राणवायू आजच्यापेक्षा बराच जास्त होता, हे त्याचे एक मानले जाणारे कारण आहे. बसएवढी मुंगी शक्य नाही हे प्रेक्षकाला माहीत असते आणि तो ते चालवूनही घेतो. एवढ्या एका अशक्य गोष्टीसाठीच त्याने तिकीट काढलेले असते.

खटकते ते वेगळेच. झुरळावर द्रव सांडला आणि ते डोळ्यांदेखत फुगत गेले, असे दृश्य नेहमी येते. कात टाकल्याशिवाय कीटक वाढत नाही, आणि पंख फुटलेला प्रौढ कीटक पुन्हा कात टाकत नाही. वाढ होते ती अळीच्या किंवा पिल्लाच्या अवस्थेत. बीजपेशीतला बदलही दिसेल तो पुढच्या पिढीत. म्हणून ज्या कथेत दूषित मातीतल्या अळ्या एकेक कात टाकत मोठ्या होतात, ती तेवढ्याच खर्चात दुप्पट पटते. उत्परिवर्तनाची खरी उदाहरणेही भीतिदायक आहेत : फळमाशीच्या एका प्रकारात डोक्यावर मिशांच्या जागी पाय उगवतात. कीटकनाशकाला दाद न देणारी कीड हेही उत्परिवर्तनाचेच फळ. त्यावर कथा बेतायला राक्षसाची गरज पडत नाही.

कोल्हापूरचा प्रेक्षक. वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला की संध्याकाळी जमिनीतून हुमणी या उसावरच्या किडीचे भुंगेरे बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर यांवर जमतात. शेतकरी रात्री फांद्या हलवून ते खाली पाडतात आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकतात; प्रकाश सापळेही लावतात. त्यातून सुटलेल्या भुंगेऱ्यांची अळी इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली, पांढरट, तपकिरी डोक्याची असते. ती उसाची मुळे खाते. वरून ऊस नुसता पिवळा पडल्यासारखा दिसतो, आणि हाताने ओढला की बुडासकट अलगद वर येतो. 2002 साली पश्चिम महाराष्ट्रात उसाचा रस शोषणारा लोकरी मावा आला तेव्हा पानांच्या खालची बाजू पांढऱ्या मेणचट लोकरीने भरली, वरची बाजू काळ्या बुरशीने. त्याला आवरायला रसायनापेक्षा डिफा आणि मायक्रोमस हे मावा खाणारे मित्रकीटक कामी आले.

ज्याने हे पाहिले आहे त्याला एका मोठ्या किड्यापेक्षा असंख्य लहान किड्यांची भीती जास्त वाटते. त्यामुळे इथे झुंडीचे चित्रपट एकट्या राक्षसाच्या चित्रपटांपेक्षा सहज भिडतात. फांदी हलवल्यावर खाली पडणारा भुंगेऱ्यांचा सडा, किंवा ओढताच हातात आलेला मुळाविना ऊस, अशा एका दृश्याने अंगावर काटा येतो. त्याला संगणकाची गरज लागत नाही. मराठीत कीटक-भयपट करू पाहणाऱ्याने ही सामग्री सोडून वाळवंटातल्या मुंग्यांची नक्कल करणे म्हणजे घरचा ऊस टाकून बाजारची साखर आणणे होय.

खऱ्या किड्यांचे चित्रीकरण. सर्वांत स्वस्त पद्धत हीच. खरा किडा जवळून टिपायचा आणि तो मोठा असल्याचे भासवायचे. यात पहिली चूक फोकसच्या खोलीत, म्हणजे पुढून मागे किती भाग स्पष्ट येतो त्यात, होते. अगदी जवळून घेतलेल्या चित्रात डोके स्पष्ट आणि पोट धूसर राहते. डोळ्याला लगेच कळते की वस्तू बोटाएवढी आहे. उपाय म्हणजे भिंगाचे छिद्र बारीक करणे. एफ/4 वरून एफ/16 वर (आकडा मोठा तितके छिद्र बारीक) गेले तर प्रकाश 16 पट लागतो, आणि एवढा प्रकाश हॅलोजन दिव्यांनी दिला तर मुंग्या उष्णतेने मरतात. एलईडी वापरावेत आणि दिवा फक्त दृश्यापुरता लावावा. किडे फार धावत असतील तर काही मिनिटे फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवतात. गारव्याने ते मंदावतात. फ्रीझरमध्ये ठेवल्यास मरतात. भांड्याच्या कडांना आतून टाल्कम पावडर लावली की मुंग्यांना वर चढता येत नाही.

छायाचित्रावर किडे सोडण्याची युक्तीही जुनी आहे. 1957 च्या ‘बिगिनिंग ऑफ द एंड’मध्ये शिकागोच्या इमारतींच्या छायाचित्रांवर खरे नाकतोडे चालवले होते. त्यांतले काही इमारतीची कड सोडून आकाशावर पाऊल टाकताना दिसतात, आणि आजही प्रेक्षक त्या चित्रपटाची ओळख याच दृश्याने सांगतात. चित्रातल्या इमारती कापून वेगळ्या करून मागे अंतर ठेवले असते तर हे टळले असते.

प्रतिकृती. कोल्हापूरला या कामाची परंपरा आहे. मूकपटांचे दिग्दर्शक बाबूराव पेंटर मूळचे चित्रकार आणि शिल्पकार. त्यांच्या ‘सैरंध्री’तले (1920) कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटले की ते कापावे लागले. 1929 मध्ये प्रभात फिल्म कंपनी इथेच सुरू झाली आणि 1933 मध्ये पुण्याला गेली. हाताचे कसब मात्र गावात राहिले आणि गणेशोत्सवात ते दरवर्षी रस्त्यावर दिसते. शहरातल्या राजारामपुरी भागातल्या यंत्रावर हलणाऱ्या तांत्रिक देखाव्यांत मान वळवणारे राक्षस आणि तोंड उघडणारे प्राणी असतात. मोठा किडा करायला लागते ते जवळपास सगळे ज्ञान तिथे हजर आहे.

सांगाडा लोखंडी सळीचा, अंग थर्माकोलचे किंवा फायबरचे. जबडा हलवायला गाडीच्या वायपरची 12 व्होल्टची मोटर पुरते. तिच्यात वर्म गिअर (उलट्या बाजूने सहसा न फिरणारे दातेरी चक्र) असतो, त्यामुळे वीज बंद झाल्यावर जबडा स्वतःच्या वजनाने खाली येत नाही. पण तिच्या मूळ वेगाने जबडा एका लयीत उघडझाप करतो आणि देखाव्यासारखा दिसतो. कीटकाची हालचाल झटक्याची असते : थांबणे, एकदम वळणे, पुन्हा थांबणे. म्हणून मोटर हाताच्या बटणाने तुटक चालवावी. थर्माकोलवर थिनर असलेला रंग थेट मारला तर ते विरघळते. आधी फेविकॉल आणि कागदाचे दोन थर द्यावेत. कवचाची चमक वार्निशने येते, पण सगळीकडे सारखी चमक दिली की ते प्लॅस्टिक वाटते. सांध्यांत माती आणि काजळी घासावी लागते. चिकट लाळेसाठी कॉर्नफ्लॉवरची खळ आणि थोडे ग्लिसरीन चालते. खळ शिळी झाली की पाणी सुटते, म्हणून ती रोज ताजी करावी. किड्याचे रक्त लाल दाखवू नये. बहुतेक कीटकांचे रक्त फिकट पिवळसर किंवा हिरवट असते.

लहान प्रतिकृती कोसळताना दाखवायची असेल तर चित्रीकरणाचा वेग वाढवतात. नियम असा : प्रतिकृती जितक्या पटीने लहान, त्या संख्येचे वर्गमूळ. सोळापट लहान असेल तर चौपट, म्हणजे सेकंदाला 24 ऐवजी 96 चौकटी (फ्रेम). हे न केल्यास टॉवर पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा पटकन पडतो. पाण्याला हा नियमही पुरत नाही, कारण थेंबांचा आकार लहान करता येत नाही. पुराचे दृश्य प्रतिकृतीत करू नये.

चाल आणि आवाज. चालताना कीटकाचे डावीकडचे पुढचा व मागचा आणि उजवीकडचा मधला असे तीन पाय टेकलेले असतात, उरलेले तीन पुढे जातात, मग अदलाबदल. संगणकावर केलेल्या स्वस्त कीटकांत सहाही पाय वल्ह्यांसारखे एकदम हलतात. एकाच किड्याची चाल शंभर जणांना चिकटवली तर सगळी झुंड कवायत करते. प्रत्येकाची सुरुवात काही चौकटींनी मागेपुढे केली तरी हा दोष बराच झाकला जातो. पायाखाली सावली नसली की किडा जमिनीवर तरंगतो.

आवाजावर केलेला खर्च सर्वांत जास्त परतावा देतो. कवच फुटल्याचा आवाज भुईमुगाच्या शेंगा किंवा भाजलेला पापड चुरून, पाय तुटल्याचा आवाज उसाचे कांडे मोडून मिळतो. मोठ्या किड्याला वाघाची डरकाळी देणे ही मोठी चूक. तिने भीती जाते, कारण डरकाळी ओळखीची आहे. रातकिड्यांचा आवाज हळू करून खालच्या पट्टीत आणला, आणि किडा जवळ आल्यावर तो एकदम थांबवला, तर थिएटर गप्प होते.

मते कशावरून ठरतात. पैशाची कमतरता प्रेक्षक माफ करतो. तार दिसली, रबर सुरकुतले, तरी तो हसून पुढे जातो, आणि मेहनत दिसली तर ‘नाद खुळा’ म्हणून दादही देतो. किड्याच्या स्वभावातली विसंगती मात्र सहन होत नाही. पहिल्या भागात उजेडाला घाबरणारी कीड शेवटी भर उन्हात हल्ला करते, भिंत फोडणारी मुंगी लाकडी दारापाशी अडते, किंवा राणी मरताच सगळे वारूळ त्याच क्षणी कोसळते. (राणी मेली तरी कामकरी मुंग्या पुढे कित्येक दिवस जगतात.) अशा ठिकाणी ‘असं कसं होईल?’ हा प्रश्न उठतो आणि त्यानंतर भीती परतत नाही.

दुसरी मोठी तक्रार अंधाराची. दोष लपवण्यासाठी रात्री चित्रीकरण करतात. पण कमी प्रकाशात चित्रावर दाणे येतात, मोबाइलवर किंवा टीव्हीवर ते चौकोनी डागांत बदलतात आणि प्रेक्षक ‘काहीच दिसेना’ म्हणून उठतो. रात्रीच्या दृश्यातही मागून एक ठळक दिवा देऊन किड्याची कड उजळायला हवी.

तिसरी तक्रार वाट पाहण्याची. किडा तासभर दाखवला नाही म्हणून कुणी रागावत नाही. त्या तासात त्याची चिन्हे दिसली नाहीत म्हणून रागावतात. अर्धवट खाल्लेले जनावर, टाकलेली कात, पोखरलेला बांध अशी खूण दर दहा मिनिटांनी मिळाली तर लोक थांबतात. त्या जागी प्रेमप्रकरण आणि शास्त्रज्ञाचे लांबलचक भाषण आले की मत तिथेच बिघडते. हिंदीत डब केलेल्या चित्रपटांत हे भाषण आणखी सपाट होते.

शेवटच्या दृश्यात फुटायला आलेले एक अंडे दाखवण्याची रीत इतकी वापरली गेली आहे की अनेक प्रेक्षक ते यायच्या आधीच उठतात. ते टिकवायचे असेल तर अंडे आधी कुठेतरी नकळत दाखवलेले असावे : चिखल लागलेल्या ट्रॅक्टरच्या टायरच्या खाचेत, नाहीतर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या मोळीत.