बोटावरचा थेंब आणि मेंदूतली गुठळी

तोंड एका बाजूला ओढलेला, एक हात उचलताच न येणारा माणूस तातडीच्या विभागात आणला, की सीटी स्कॅनला नेण्याआधीच परिचारिका त्याचं बोट टोचते. ग्लुकोमीटरच्या पट्टीवर रक्ताचा एक थेंब, आणि काही सेकंदांत आकडा समोर. एवढ्या धावपळीत साखर कसली बघताय, असं नातेवाइकांना वाटणं साहजिक आहे. पण साखर फार उतरली तरी माणूस हुबेहूब पक्षाघात झाल्यासारखा दिसू शकतो. जीभ अडखळते, अर्धं अंग लुळं पडतं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण बसल्या जागी शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं, तिचा सुमारे पाचवा हिस्सा त्याला एकट्याला लागतो. स्वतःजवळ साखरेचा म्हणावा असा साठाही नाही. शिरेतून ग्लुकोज दिलं की हा ‘पक्षाघात’ बरेचदा काही मिनिटांत ओसरतो. म्हणून मेंदूच्या वाहिनीत अडकून पक्षाघात घडवणारी गुठळी विरघळवणारं औषध देण्याआधी हा आकडा पाहिल्याशिवाय डॉक्टर पुढे जात नाहीत.

उतरलेली साखर लगेच गोंधळ घालते. चढलेली साखर वर्षानुवर्षं काहीच बोलत नाही, आणि मला तिचीच जास्त धास्ती वाटते.

आपल्या प्रत्येक रक्तवाहिनीला आतून अस्तर असतं, फक्त एका पेशीच्या जाडीचं. ते नायट्रिक ऑक्साइड तयार करतं. त्यामुळे वाहिनी सैल राहते आणि प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, भिंतीला चिकटत नाहीत. साखर सतत चढी राहिली की नायट्रिक ऑक्साइड घटतं, प्लेटलेट्स जास्त चिकट होतात आणि झालेली गुठळी विरघळवण्याची शरीराची ताकदही मंदावते. शिवाय साखर प्रथिनांना जाऊन डसते. एचबीए१सी या तपासणीत आपण हेच मोजतो: लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्क्यांना साखर चिकटली आहे. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून हा आकडा दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगतो. ५.७ च्या खाली ठीक, ६.५ आणि वर मधुमेह. वाहिन्यांच्या भिंतीला बळकटी देणारं कोलॅजन हे प्रथिन मात्र लाल पेशींसारखं भराभर बदलत नाही. त्याला चिकटलेली साखर तिथेच मुरते आणि भिंत ताठर होत जाते.

मधुमेह असलेल्यांना गुठळीमुळे होणाऱ्या पक्षाघाताचा धोका साधारण दुप्पट असतो. मेंदूच्या खोल भागातल्या बारीक वाहिन्याही यात बळी पडतात. तिथली एखादी वाहिनी बंद पडली तरी कधीकधी त्या दिवशी काहीच कळत नाही. अशा लहान इजा साठत गेल्या की चाल मंदावते, विचारांचा वेग कमी होतो, आणि घरचे म्हणतात, वय झालं.

मग साखर खाली आणली की प्रश्न मिटला? इथे संशोधनाने सगळ्यांनाच चकित केलं. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. साखर काटेकोर ठेवल्याने डोळ्यांचं आणि मूत्रपिंडांचं नुकसान कमी झालं, पण पक्षाघात काही ठळकपणे घटले नाहीत. त्याच अभ्यासात ज्यांचा रक्तदाब सरासरी १५४/८७ ऐवजी १४४/८२ राहिला, त्यांच्यात पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी झाले. साखरेने ताठर केलेल्या भिंतीवर दाब दर ठोक्याला आदळत असतो. तो दहा अंकांनी उतरला तरी एवढा फरक पडतो. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांनीही मधुमेहींमधले पक्षाघात बरेच कमी होतात. याउलट साखर हट्टाने अगदी नॉर्मलला आणू पाहणाऱ्या अ‍ॅकॉर्ड अभ्यासात मृत्यू वाढले आणि २००८ मध्ये तो भाग मुदतीआधीच थांबवावा लागला. म्हणूनच कोणी नुसता साखरेचा रिपोर्ट दाखवून ‘सगळं ठीक आहे’ म्हणालं, की मी आधी विचारते: बीपी किती?

आणखी एक गोष्ट घरच्यांनी ध्यानात ठेवावी. तोंड वाकडं झालेल्या माणसाला साखर उतरली असेल या समजुतीने पाणी किंवा सरबत पाजू नका. पक्षाघातात घशाचे स्नायूही दुबळे झालेले असू शकतात. घोट श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होऊ शकतो. हाताशी ग्लुकोमीटर असलं तर रुग्णवाहिका येईपर्यंत बोट टोचून आकडा लिहून ठेवा. त्याच कागदावर, माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळही लिहा. गुठळी विरघळवणारं औषध सहसा लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांतच देता येतं, आणि डॉक्टर ही वेळ विचारणारच.