बॅड सेक्टरवर फुली मारली, पुढे काय?

गोव्यात डिचोली, साखळी, फोंडा अशा गावांतल्या एखाद्या डीटीपीच्या दुकानात विंडोज ९८ वर चालणारा पीसी अजूनही सापडू शकतो. जत्रेची पत्रकं, लग्नपत्रिका, नाटकांच्या जाहिराती वर्षानुवर्षं जुन्या मराठी फॉन्टांत बसवलेल्या असतात आणि त्या फायली नव्या मशीनवर धड उघडत नाहीत. पावसाळ्यात मध्येच वीज जाते. परत आली की पीसी आपणहून स्कॅनडिस्क हा डिस्क तपासणारा प्रोग्राम चालवतो, आणि पृष्ठभागाची पूर्ण तपासणी करायला सांगितलं तर एखाद्या चौकोनात 'बी' उमटतो. बी म्हणजे बॅड.

डिस्कवरची माहिती ५१२ बाइटच्या सेक्टरांत लिहिलेली असते. प्रत्येक सेक्टरला पडताळणीचे काही जादा बिट जोडलेले असतात. वाचताना थोडी गडबड झाली तर डिस्क त्यांच्या आधारे ती गुपचूप निस्तरते. गडबड त्या पलीकडची असेल तर 'वाचता येत नाही' असं कळवते. याची कारणं दोन असू शकतात. एक, तिथला चुंबकीय थर खरोखरच खराब झालेला असतो. दोन, लिहिता लिहिता वीज गेल्यामुळे मजकूर आणि पडताळणी यांचा मेळ बसत नाही, थर मात्र ठणठणीत असतो. आपल्याकडच्या पावसात दुसरी शक्यता विसरून चालणार नाही. स्कॅनडिस्कला हा फरक कळत नाही. दोन्ही ठिकाणी ते फुलीच मारतं.

ही फुली डिस्कच्या पृष्ठभागावर नसते, फॅट नावाच्या तक्त्यात असते. फॅट फाइल सिस्टम काही सेक्टरांचा मिळून एक क्लस्टर धरते आणि तक्त्यात प्रत्येक क्लस्टरची नोंद ठेवते: शून्य म्हणजे मोकळा, एखादा आकडा म्हणजे फाइलचा पुढचा तुकडा त्या क्रमांकावर, आणि फॅट१६ या प्रकारात एफएफएफ७ म्हणजे खराब, इथे काही ठेवू नये. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर जमीन पडीक लागावी, तशी ही नोंद. जमिनीचा कस त्याने बदलत नाही. खराब क्लस्टर एखाद्या फाइलच्या मधला असेल तर स्कॅनडिस्क वाचेल तेवढा मजकूर मोकळ्या क्लस्टरमध्ये हलवतं, फाइलच्या तुकड्यांची साखळी नव्याने जोडतं आणि मग जुन्या जागेवर फुली मारतं. २ जीबीच्या फॅट१६ पार्टिशनवर क्लस्टर ३२ केबीचा, म्हणजे एका सेक्टरपायी ६४ सेक्टर बाद.

१९८०च्या दशकातल्या डिस्कना ही व्यवस्था शोभून दिसायची. कारखान्यातूनच खराब जागांची यादी डिस्कच्या लेबलवर छापून यायची आणि फॉरमॅट करणारा माणूस ती हाताने टाइप करायचा. (१९८६च्या 'ब्रेन' व्हायरसने याच सोयीचा फायदा घेतला. आपला कोड फ्लॉपीवर ठेवून त्या जागेवर त्याने खराबची खूण केली, म्हणजे डॉस तिकडे फिरकणार नाही.)

पुढे आयडीई डिस्क आल्या आणि हे काम डिस्क स्वतःच करू लागली. तिच्याकडे राखीव सेक्टर असतात. एखादा सेक्टर वाचता आला नाही तर ती त्याला प्रलंबित ठेवते, कारण आत काय होतं हे माहीत नसताना परस्पर बदली करता येत नाही. त्या जागी नवं काही लिहिलं गेलं की ती तपासून बघते: जागा चांगली निघाली तर प्रकरण मिटलं, नाहीतर राखीव सेक्टर तिच्या जागी बसतो. इथेच जुनी फाइल सिस्टम आड येते. फुली मारलेल्या क्लस्टरमध्ये ती पुन्हा कधी लिहीत नाही, म्हणून डिस्कला दुरुस्तीची संधीच मिळत नाही.

म्हणून 'बी' दिसला की तपासणी पुन्हा पुन्हा चालवत बसू नये. डिस्क खरोखर मरायला टेकली असेल तर त्या रगड्याने ती लवकर जाते. आधी फायली दुसरीकडे काढाव्यात. लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू यासाठी चांगलं, कारण ते सहज वाचता येणारा भाग आधी उचलतं आणि अडणाऱ्या जागांकडे नंतर वळतं. मग डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, बघावी, ती डिस्क देत असेल तर. ५ क्रमांकाचा आकडा बदललेल्या सेक्टरांचा, १९७ प्रलंबितांचा. पाचवा वाढतच चालला असेल तर ती डिस्क कामातून काढावी. तो स्थिर असेल, तर सगळ्या डिस्कवर शून्यं लिहून नव्याने फॉरमॅट करावं. वीज गेल्यामुळे रुसलेले सेक्टर बहुधा परत येतात.

नवी डिस्क बसवताना एक भानगड होते. जुन्या पार्टिशनची हुबेहूब प्रत काढली तर तक्ताही फुल्यांसकट येतो, आणि कोऱ्या डिस्कवर पहिल्या दिवसापासून बॅड सेक्टर दिसू लागतात. एनटीएफएस या विंडोजच्या नव्या फाइल सिस्टमवर चेकडिस्क या तपासणीच्या आज्ञेला 'बी' स्विच लावून ही यादी नव्याने तपासून घेता येते. फॅटच्या बाबतीत नवी डिस्क आधी फॉरमॅट करून फायली एकेक करून कॉपी केलेल्या बऱ्या.