बाळाला न पचणारी साखर

अंगावर पिणाऱ्या बाळाची शी ज्यांनी काढली आहे, त्यांना तिचा वास आठवत असेल. रंग गडद पिवळा, पातळ, मध्ये फुटलेल्या दुधासारखे बारीक कण. आणि वास म्हणाल तर दुर्गंध नाहीच, दही जरा जास्त आंबावं तसा. वरच्या दुधावरच्या बाळाची शी त्या मानाने घट्ट, तपकिरीकडे झुकणारी, आणि तिला मात्र नाक मुरडावं लागतं. विषय जेवताना काढण्यासारखा नाही. पण आईच्या दुधाबद्दल आज जे नवल सांगितलं जातं, त्याचा माग याच दुपट्यातून लागला.

१८८०च्या दशकात म्युनिकमध्ये थिओडोर एशेरिश हा बालरोगतज्ज्ञ तान्ह्या बाळांची विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली तपासत असे. ‘ई. कोलाय’ हा जिवाणू त्याला तिथेच सापडला. त्यातला ‘ई’ त्याच्याच आडनावाचा. पुढे १८९९-१९००च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ऑंरी तिसिएला अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीत एक वेगळाच जिवाणू मोठ्या संख्येने दिसला. काडीसारखा, पण टोकाला फाटा फुटलेला, गलोलीच्या बेचक्यासारखा. दुभंगलेल्याला लॅटिनमध्ये ‘बिफिडस’ म्हणतात. त्यावरून आजचं नाव पडलं बिफिडोबॅक्टेरियम.

हा बेचक्या आईच्या दुधावरच का पोसतो, हे कळायला अर्धं शतक गेलं. पॉल ज्यॉर्जी आणि रिचर्ड कून यांनी १९५४मध्ये दाखवलं की दुधातल्या काही गुंतागुंतीच्या शर्करा त्याचं खाद्य आहेत. या शर्करांना ऑलिगोसॅकराइड म्हणतात. दुधातल्या नेहमीच्या लॅक्टोज साखरेवर आणखी एक, दोन किंवा जास्त शर्करांचे मणी ओवायचे, कुठे सरळ, कुठे फांदी काढून. असे दीडशेहून अधिक प्रकार आजवर ओळखले गेले आहेत. गाईच्या दुधात ते नावापुरते असतात.

आता खरी गंमत. बाळाकडे या शर्करा तोडणारी पाचकद्रव्यंच नाहीत. चिमूटभर रक्तात शोषल्या जातात, बाकी सगळ्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात पोहोचतात. आणि आई त्या थोड्याथोडक्या बनवत नाही. एक लिटर दुधात साधारण ५ ते १५ ग्रॅम, म्हणजे जवळपास प्रथिनांइतक्याच. पहिल्या दिवसांतल्या चिकात तर २० ग्रॅमच्या वर. दिवसाला पाऊण लिटर पिणाऱ्या बाळाच्या पोटात अशी चमचा-दोन चमचे साखर रोज जाते, जिचा त्याला स्वतःला अन्न म्हणून काडीचा उपयोग नाही. बाळंतिणीचं शरीर स्वतःची झीज सोसून दूध बनवतं. त्यात एवढा ऐवज उगीच जाणार नाही. हे ताट बाळासाठी वाढलेलंच नाही. ते बाळाच्या पोटातल्या पाहुण्यांसाठी आहे.

पाहुण्यांमध्ये मानकरी कोण, तर बिफिडोबॅक्टेरियम लाँगमचा ‘इन्फँटिस’ हा उपप्रकार. त्याचा जनुकसंच २००८मध्ये वाचला गेला, तेव्हा त्यात या शर्करा आत ओढून घेण्याच्या आणि कापण्याच्या जनुकांचा एक अख्खा गठ्ठाच मिळाला. दुसरे काही जिवाणू साखरेचा मणी बाहेर तोडतात, त्यात शेजाऱ्यांचंही फावतं. हा पठ्ठ्या पूर्ण माळ आत घेतो आणि घरात बसून खातो. बदल्यात बाहेर टाकतो लॅक्टिक आणि ॲसिटिक आम्ल. शीचा आंबूस वास तो हा! आतडं असं आंबट झालं की ई. कोलायच्या गोतावळ्याला आणि इतर उपद्रवी जंतूंना तिथे बस्तान बसवणं जड जातं.

यातल्या काही शर्करा आणखी एक काम करतात. आतड्याच्या पेशींवर जे साखरेचे तुरे असतात, त्यांच्याशी त्यांचं रूप जुळतं. जुलाब लावणारा कॅम्पिलोबॅक्टर पेशीला चिकटायला येतो, या तोतयाला चिकटतो आणि थेट दुपट्यात उतरतो.

दुधात नुसतं जिवाणूंचं खाद्यच नाही, जिवाणूही असतात. आईचं दूध निर्जंतुक असतं आणि जंतू दिसले तर ते बाहेरून आलेले, असं पूर्वी समजत. २००३मध्ये स्पेनच्या संशोधकांनी निरोगी मातांच्या दुधातून लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू वेगळे काढले आणि चर्चा सुरू झाली. ते आईच्या आतड्यातून पांढऱ्या पेशींवर स्वार होऊन स्तनात येतात, असा एक तर्क आहे. तो सिद्ध झाल्यासारखा छापलेला पाहिला की मी जरा सावध होतो. दुसरी वाट मात्र डोळ्यांनी दिसलेली आहे. पान्हा फुटतो तेव्हा नलिकांमधलं थोडं दूध उलटं आत सरकतं, हे सोनोग्राफीत टिपलं गेलंय. त्याबरोबर बाळाच्या तोंडातलेही जिवाणू आत जाऊ शकतात.

लाळेचं नातं एवढ्यावर संपत नाही. तान्ह्याच्या लाळेत हायपोझॅन्थिन आणि झॅन्थिन नावाची द्रव्यं भरपूर असतात, दुधात त्यांवर काम करणारं झॅन्थिन ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम). घोट घेताना दोन्ही एकत्र आले की तोंडातल्या तोंडात किंचित हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. हो, जखम धुवायला वापरतात तेच.

आईच्या आतड्याला जे जंतू भेटलेले असतात त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडं दुधात उतरतात, हे तर बहुतेकांना ठाऊक असतं. सगळ्या आयांचं दूध सारखं नसतं, हे कमी जणांना ठाऊक असतं. एफयूटी२ नावाचं जनुक निष्क्रिय असलेल्या स्त्रियांच्या दुधात काही प्रकारच्या शर्करा जवळपास नसतातच. कित्येक समाजांत दर पाच जणींत एखादी अशी असते. त्यांची बाळंही छान वाढतात. तेव्हा यावरून कुणा आईला धारेवर धरू नये.

काळजीची गोष्ट वेगळी आहे. १९२६ ते २०१७ या काळातल्या प्रकाशित नोंदी एकत्र केल्या, तेव्हा अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीचा सामू (पीएच) ५वरून ६.५पर्यंत चढलेला दिसला, म्हणजे आम्लता सुमारे तिसाव्या हिश्श्यावर आली. सिझेरियन, प्रतिजैविकं, पिढ्यान्‌पिढ्या वरचं दूध यांनी बेचक्याची साखळी तुटली, असं संशोधक मानतात. ताट वाढलेलं, मानकरी गैरहजर.

मग बाटलीतून जिवाणू पाजले तर? धडधाकट बाळांमध्ये इन्फँटिस असा रुजवता येतो. पण २०२३मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रुग्णालयांना इशारा दिला: अकाली जन्मलेलं एक बाळ जंतुसंसर्गाने दगावलं, आणि तो जंतू त्याला दिलेल्या उत्पादनातलाच इन्फँटिस होता. कोवळ्या आतड्याची भिंत ओलांडून रक्तात शिरलेला पाहुणा पाहुणा राहत नाही. डॉक्टरांना न विचारता थेंब आणून पाजणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

बेचक्याचा मुक्कामही कायमचा नसतो. २०१५च्या एका स्वीडिश अभ्यासात दिसलं की बाळाच्या पोटातली वस्ती मोठ्या माणसासारखी होते ती पहिल्या घासाने नव्हे, अंगावरचं दूध तुटल्याने. साखर थांबते, बेचक्या ओसरतो, दुसरे येतात. दुपटं बदलणाऱ्याला ते प्रयोगशाळेच्या आधी कळतं.