‘ब्लॅकमेल’मधला ‘मेल’ टपालाचा नव्हे

‘ब्लॅकमेल’ म्हटले की निनावी पत्र डोळ्यांपुढे येते, त्यामुळे या जोडशब्दातील ‘मेल’ टपालाचाच असावा असे सहज वाटून जाते. प्रत्यक्षात टपालाचा ‘मेल’ पिशवी या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दापासून आला, तर हा ‘मेल’ जुन्या नॉर्स या स्कँडिनेव्हियातील प्राचीन भाषेतील, बोलणे किंवा करार या अर्थाच्या शब्दापासून. बोलून ठरवलेली रक्कम म्हणून स्कॉटलंडमध्ये त्याला जमिनीचा खंड, सारा असा अर्थ आला.

त्याला ‘ब्लॅक’ जोडले गेले ते 16व्या शतकात, इंग्लंड-स्कॉटलंडच्या सरहद्दीवर. आर्मस्ट्राँग, एलियट, ग्रॅहम अशा घराण्यांच्या टोळ्या तेथे रात्री गुरे पळवून नेत, आणि गोठा सुरक्षित राहावा म्हणून शेतकरी त्यांनाच ठरावीक रक्कम, धान्य किंवा जनावरे देत असे. चांदीत भरायचा तो पांढरा खंड आणि मालाच्या रूपात द्यायचा तो काळा, अशी एक फोड जुन्या कायदेपंडितांनी केली. ती नेटकी आहे, पण मला ती मागाहून बसवलेली वाटते, कारण बेकायदा या अर्थाचा ‘काळा’ येथे पुरेसा आहे. 1601 मध्ये, राणी पहिल्या एलिझाबेथच्या कारकिर्दीत, उत्तरेकडील चार परगण्यांसाठी झालेल्या कायद्याने हा खंड घेणाऱ्याबरोबर देणाऱ्यालाही मृत्युदंडास पात्र ठरवले, म्हणजे शेतकरी दोन्हीकडून भरडला गेला.

पुढे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात ही वसुली 18व्या शतकापर्यंत चालली. तेथील गाजलेला बंडखोर रॉब रॉय मॅकग्रेगर गुरांच्या राखणीच्या नावाखाली ती करीत असे. गुपित फोडण्याची धमकी हा अर्थ मात्र 19व्या शतकात रूढ झाला.

मराठी वाचकाला या कथेत आणखी एक धागा सापडतो. 1886 मध्ये निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशात मराठ्यांच्या चौथाईचा अर्थ देताना हाच इंग्रजी शब्द योजला आहे. त्यात राज्यकर्त्यांचा चष्मा उघड दिसतो. तरीही आपल्या ‘खंडणी’ची वाट फारशी वेगळी नाही: खंडणे म्हणजे रक्कम ठरवणे, त्यावरून मांडलिकाने द्यायची ती खंडणी, आणि आज व्यापाऱ्याला फोन करून गुंड मागतो तीही खंडणीच.