ग्रुप सी, दोन पिवळी कार्डं आणि गेलेले तीन पॉइंट: आफ्रिकन क्वालिफायरमध्ये खेळाडू पात्र कसा ठरतो, अर्ज कसा होतो, कागदपत्रं कोणती लागतात

२०२६ वर्ल्डकपच्या आफ्रिकन क्वालिफायरचा ग्रुप सी ज्यांनी शेवटपर्यंत फॉलो केला त्यांना आठवत असेल, २९ सप्टेंबर २०२५ ला एकही मॅच नव्हती आणि तरी टेबल बदललं. साउथ आफ्रिका १७ पॉइंट घेऊन वर होती ती थेट १४ वर आली, बेनिनचेही १४ च होते पण गोल फरकामुळे बेनिन पहिलं झालं, आणि लेसोथोला घरबसल्या तीन पॉइंट मिळाले. कारण एकच, तेबोहो मोकोएना हा मिडफिल्डर २१ मार्चला पोलोक्वानेमध्ये लेसोथोविरुद्ध खेळला आणि नियमाप्रमाणे त्या दिवशी तो बाहेर बसायला हवा होता. मैदानात साउथ आफ्रिकेने ती मॅच २-० जिंकली होती, फिफाने ती लेसोथोला ३-० दिली. तेव्हापासून मला बरेच जण विचारतात की हे ठरवतं कोण, खेळाडू पात्र आहे हे सिद्ध कसं करायचं, एका देशाकडून खेळलेला दुसऱ्याकडून कसा खेळतो, म्हणून सगळं एका जागी लिहितोय.

आधी थोडक्यात रचना. आफ्रिकेतले ५४ देश, ९ ग्रुप, ड्रॉ १३ जुलै २०२३ ला अबिदजानला निघाला. ग्रुपमध्ये पहिला येईल तो सरळ वर्ल्डकपला, आणि दुसऱ्या नंबरच्या नऊ टीम्समधल्या सगळ्यात चांगल्या चार प्लेऑफला. ग्रुप सी मध्ये साउथ आफ्रिका, नायजेरिया, बेनिन, रवांडा, लेसोथो आणि झिम्बाब्वे. बाकी ग्रुप कुठलाही असो, पात्रतेचे नियम सगळ्यांना सारखेच, आणि ते फिफाचे.

पात्रतेची सुरुवात पासपोर्टपासून. खेळाडूकडे त्या देशाचं कायमचं नागरिकत्व पाहिजे, म्हणजे तिथे राहणं सोडलं म्हणून जाणार नाही असं. मॅचच्या आधी ओळख पटवायला चालू, मुदतीतला आंतरराष्ट्रीय पासपोर्टच चालतो ज्यावर पूर्ण नाव आणि जन्मतारीख स्पष्ट आहे. ओळखपत्र, लायसन्स, गावच्या ऑफिसचा दाखला यातलं काहीही दाखवून उपयोग नाही, पासपोर्ट नसेल तर त्या दिवशी तो खेळाडू खेळत नाही.

पण नुसता पासपोर्टही पुरत नाही. नाहीतर पैसेवाला कुठलाही देश उद्या ब्राझीलच्या पंधरा पोरांना पासपोर्ट वाटेल. म्हणून नवीन नागरिकत्व घेतलेल्या खेळाडूचं त्या देशाशी खरं नातं लागतं: स्वतःचा जन्म तिथला, किंवा सख्ख्या आईचा अथवा वडिलांचा जन्म तिथला, किंवा आजी-आजोबांपैकी कोणाचा तरी. यातलं काहीच नसेल तर तिथे सलग राहिल्याचा पुरावा. दहा वर्षांचा व्हायच्या आत तिथे राहायला गेला असेल तर किमान ३ वर्षं, दहा ते अठरा या वयात गेला असेल तर ५ वर्षं आणि वर हेही दाखवायचं की आपण त्या देशाच्या राष्ट्रीय टीमकडून खेळायला म्हणून तिथे गेलो नव्हतो, आणि अठरानंतर गेला असेल तर ५ वर्षं. आपल्याकडे जात पडताळणीला आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधत फिरावं लागतं ना, तसंच असतं हे. आजी घानाची असेल तर आजीचा जन्मदाखला, मग आईचा, मग स्वतःचा, साखळी कुठे तुटता कामा नये.

आता देश बदलणं, ज्याला फिफाच्या भाषेत असोसिएशन बदलणं म्हणतात. आफ्रिकन टीम्समध्ये हे खूप चालतं कारण फ्रान्स, स्पेन, नेदरलँड्समध्ये वाढलेली मुलं ज्युनियरला तिकडून खेळतात आणि नंतर आईबापाच्या देशाकडे येतात. नुसत्या फ्रेंडली खेळला असशील तर तू बांधला जात नाहीस, इनाकी विल्यम्स २०१६ मध्ये स्पेनकडून एक फ्रेंडली खेळला आणि २०२२ मध्ये घानाकडे आला तो याच वाटेने. सीनियरला अधिकृत मॅच खेळला असेल तर पूर्वी दार बंदच होतं. मुनीर एल हद्दादी २०१४ मध्ये मॅसिडोनियाविरुद्ध स्पेनकडून जेमतेम १३ मिनिटं खेळला होता आणि तेवढ्यासाठी २०१८ च्या वर्ल्डकपला त्याला मोरोक्कोकडून जाता आलं नाही, क्रीडा लवादानेही नाही म्हटलं. २०२० मध्ये नियम सैल झाला. आता २१ वर्षांचा व्हायच्या आत जास्तीत जास्त ३ सीनियर मॅचेस, शेवटच्या मॅचला ३ वर्षं होऊन गेलेली, आणि वर्ल्डकप किंवा खंडाच्या मुख्य स्पर्धेत कधी खेळलेला नाही, एवढं बसत असेल तर बदलता येतं. मुनीर त्यात बसला आणि २०२१ मध्ये मोरोक्कोकडून खेळला. बदल आयुष्यात एकदाच, नव्या देशाकडून एकदा खेळलं की परत फिरता येत नाही.

अर्ज खेळाडू स्वतः पाठवत नाही. ज्या देशाकडून खेळायचंय त्याची असोसिएशन फिफाच्या ऑनलाइन लीगल पोर्टलवरून पाठवते, आणि निर्णय फिफाच्या फुटबॉल ट्रिब्युनलचा प्लेयर्स स्टेटस चेंबर देतो. सोबत काय लागतं: असोसिएशनचं विनंतीपत्र, खेळाडूची स्वतःच्या सहीची संमती, नवीन देशाच्या पासपोर्टची प्रत आणि ते नागरिकत्व नेमकं कधी मिळालं याचा पुरावा, जन्माचे दाखले (वर म्हटलं तसे, गरज असेल तर आजीआजोबांपर्यंत), आणि आधीच्या देशाकडून तो कुठल्या कुठल्या मॅच खेळला त्याची माहिती. नागरिकत्वाची तारीख नीट बघा कारण सगळी गोम तिथेच असते. ज्युनियरला पहिल्या देशाकडून पहिली अधिकृत मॅच खेळला तेव्हा दुसऱ्या देशाचं नागरिकत्व त्याच्याकडे होतं का, हे तपासतात. कागद इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्ये नसतील तर भाषांतर जोडायचं. आणि अर्ज टाकल्यापासून निकाल येईपर्यंत त्या खेळाडूने जुन्या किंवा नव्या कुठल्याच देशाकडून खेळायचं नाही.

भारताला याचा अनुभव २०२५ मध्येच आला. बेंगळुरू एफसीचा रायन विल्यम्स, आई मुंबईत जन्मलेली, ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून त्याने भारताचा घेतला कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, नोव्हेंबरमध्ये टीमबरोबर ढाक्यालाही गेला, पण ऑस्ट्रेलियाकडून यायची एनओसी वेळेत आली नाही आणि बांगलादेशविरुद्ध त्याला खेळवता आलं नाही. वाईट वाटलं तेव्हा, पण खेळवला नाही हेच बरोबर होतं.

कारण मंजुरी नसताना खेळवलं तर काय होतं ते इक्वेटोरियल गिनीला विचारा. एमिलियो न्सुए स्पेनच्या ज्युनियर टीम्समधून खेळलेला, २०१३ पासून इक्वेटोरियल गिनीकडून खेळायला लागला, पण असोसिएशन बदलल्याची फिफाची मंजुरी कधी झालीच नव्हती. मार्च २०१३ मध्ये केप व्हर्देविरुद्ध त्याने हॅटट्रिक केली, ४-३ जिंकले, आणि ती मॅच केप व्हर्देला ३-० दिली गेली. एवढं होऊनही तो पुढे दहा वर्षं खेळत राहिला, २०२४ च्या सुरुवातीला झालेल्या आफ्रिका कपमध्ये ५ गोल करून टॉप स्कोअरर ठरला. मग त्याच वर्षी मे महिन्यात फिफाने त्याला अपात्र ठरवलं आणि नामिबिया आणि लायबेरियाविरुद्धच्या क्वालिफायर, ज्या दोन्ही त्याच्या गोलवर १-० जिंकल्या होत्या, दोन्ही ०-३ झाल्या. सहा पॉइंट गेले. इतक्या वर्षांत कोणीतरी बसून त्या मंजुरीचं काय झालं ते बघायला हवं होतं.

दुसरी पात्रता त्या दिवसापुरती असते, म्हणजे कार्ड. क्वालिफायरमध्ये वेगवेगळ्या दोन मॅचमध्ये दोन पिवळी कार्डं झाली की पुढची मॅच आपोआप बाहेर, कोणी पत्र पाठवायची वाट बघायची नाही. आणि ती पुढची मॅच त्याच स्पर्धेतली धरतात. मोकोएनाचं इथेच चुकलं. पहिलं कार्ड नोव्हेंबर २०२३ मध्ये बेनिनविरुद्ध, दुसरं जून २०२४ मध्ये झिम्बाब्वेविरुद्ध. त्यानंतर वर्ल्डकप क्वालिफायरची पुढची मॅच थेट मार्च २०२५ ला, नऊ महिन्यांनी, मध्ये आफ्रिका कपच्या क्वालिफायर झाल्या पण त्यात बाहेर बसलं तरी ही शिक्षा भोगली असं धरत नाहीत. एवढ्या मोठ्या गॅपमध्ये कार्डांचा हिशेब ठेवणारा माणूस टीमकडे पाहिजे, कोचला सगळं आठवेल अशी अपेक्षा ठेवणं चूक आहे. नायजेरियाचंही २०१७ मध्ये हेच झालं होतं, अब्दुल्लाही शेहू दोन कार्डं असताना अल्जेरियाविरुद्ध खेळला, १-१ ची मॅच ०-३ झाली, फक्त नायजेरिया तोवर क्वालिफाय झालेलं होतं म्हणून निभावलं. तेव्हा नायजेरियाचे कोच गेर्नोट रोहर होते, आणि २०२५ मध्ये बेनिनचे कोच तेच!

तक्रार करायची असेल तर घड्याळ बघून करावी लागते. मॅच संपल्यावर लगेच मॅच कमिशनरकडे (मॅचवर देखरेख करणारा अधिकारी) लेखी तक्रार, आणि २४ तासांत सविस्तर रिपोर्ट फिफाकडे. लेसोथोने या मुदतीत तक्रार केली नव्हती, म्हणून बरेच जण म्हणत होते की आता काही होणार नाही. पण फिफाच्या शिस्तपालन समितीला स्वतःहूनही दखल घेता येते आणि तसंच झालं, सहा महिने लागले एवढंच. पॉइंट गेलेच, वर साउथ आफ्रिकेच्या असोसिएशनला १०,००० स्विस फ्रँक दंड आणि मोकोएनाला समज. असा निकाल आला की १० दिवसांत त्याची लेखी कारणं मागायची, ती मागितली नाहीत तर निकाल कायम होतो, मागितली तर फिफाच्या अपील समितीकडे जायचं आणि तिथून लोझानच्या क्रीडा लवादाकडे.

सहा महिन्यांचा उशीर मला अजूनही पटत नाही. दोन मॅच उरलेल्या असताना टेबल उलटं करणं हे बेनिन, नायजेरिया, साउथ आफ्रिका तिघांवरही अन्याय आहे, कुठल्या निकालाची गरज आहे हेच कोणाला धड माहीत नव्हतं. ते तीन पॉइंट हातात असते तर शेवटच्या दिवशी साउथ आफ्रिकेला फक्त स्वतःची मॅच जिंकायची होती. ते गेल्यामुळे बेनिन १७ वर आणि साउथ आफ्रिका १५ वर, म्हणजे जिंकायचं आणि वर उयोमधल्या नायजेरिया-बेनिन मॅचकडे कान लावून बसायचं. १४ ऑक्टोबर २०२५ ला म्बोम्बेलात त्यांनी रवांडाला ३-० हरवलं, त्याच संध्याकाळी उयोमध्ये ओसिमेनच्या हॅटट्रिकवर नायजेरियाने बेनिनला ४-० हरवलं. साउथ आफ्रिका १८, नायजेरिया १७, बेनिन १७. नायजेरिया प्लेऑफला गेलं आणि रबातमध्ये डीआर काँगोकडून पेनल्टीवर हरलं, आणि बेनिन, जे आजवर एकदाही वर्ल्डकप खेळलेलं नाही, एका पॉइंटने राहिलं.