नोटेशनशिवाय व्हायोलिन: आधी ‘सा’ कुठे ते ठरवा

सहा-सात वर्षांच्या मुलाला ‘ट्विंकल ट्विंकल’ची चाल शिकवावी लागत नाही, ती त्याच्या कानात बसलेली असते. कोणी ती उंच पट्टीत म्हणो की खालच्या, मूल लगेच ओळखते, कारण मेंदू सुरांमधली अंतरे लक्षात ठेवतो. तान्ह्या बाळांवरच्या प्रयोगांतही हे दिसून आले आहे. म्हणून नोटेशन वाचता येत नसले तरी काही बिघडत नाही. गाडी अडते ती बहुधा एकाच ठिकाणी: ‘सा’ गैरसोयीच्या जागी धरला, की सोपे गाणेसुद्धा छोट्या बोटांना झेपत नाही.

व्हायोलिनच्या चार तारा सहसा जी, डी, ए, ई अशा जुळवतात. पेटीच्या भाषेत पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा, पांढरी तीन. शेजारशेजारच्या कोणत्याही दोन तारांत सा-प एवढे अंतर असते, म्हणजे कंपनसंख्यांचे गुणोत्तर २:३. ए तार सेकंदाला ४४० कंपने करते, डी साधारण २९३. डीची मोकळी तार ‘सा’ मानली, की एची मोकळी तार आयती ‘प’ होते.

आता गाणे मुलाकडून म्हणवून घ्या आणि दोनच गोष्टी पाहा. चाल शेवटी कुठे विसावते? तो बहुतेक वेळा ‘सा’. आणि चाल त्या ‘सा’च्या खाली उतरते का? उतरत नसेल, तर मोकळी डी तार हा ‘सा’. मंद्र (खालच्या सप्तकातल्या) ‘प’पर्यंत उतरत असेल, तर डी तारेवरचे तिसरे बोट हा ‘सा’ (बोटे अंगठा सोडून, तर्जनीपासून मोजायची). पहिली बरीचशी गाणी या दोन जागांत बसतात. डी तार घेण्याचे कारण असे, की तिथले सूर मुलाच्या गळ्यातही आरामात येतात. तार बदलून उंच गेलात, तर मूल वाजवेल पण सोबत गाऊ शकणार नाही, आणि गाता येणे हाच इथे खरा आधार आहे.

बोटांच्या जागा मोजून काढता येतात. नट म्हणजे खुंट्यांकडची तारेखालची बारीक आडवी पट्टी. तिथपासून घोडीपर्यंत, म्हणजे तारा पेलणाऱ्या उभ्या लाकडी तुकड्यापर्यंत, तारेची लांबी मोजा. नटपासून लांबीच्या नवव्या भागावर (१/९) ‘रे’, पाचव्या भागावर (१/५) ‘ग’, चौथ्या भागावर (१/४) ‘म’; बोटे अनुक्रमे पहिले, दुसरे, तिसरे. लहान व्हायोलिनवर लांबी २७ सेंटिमीटर भरली, तर ही अंतरे ३०, ५४ आणि ६७.५ मिलिमीटर येतात. रे-ग मध्ये २४ मिलिमीटर, ग-म मध्ये फक्त साडेतेरा. म्हणून पहिले आणि दुसरे बोट फाकलेले, दुसरे आणि तिसरे चिकटलेले. तिथे बारीक चिकटपट्टी लावायला हरकत नाही, पण दाबल्यावर तार किंचित ताणली जाते आणि सूर चढतो, त्यामुळे नेमकी जागा कानानेच पक्की करायची.

‘ग’च्या बाबतीत मोबाइलवरचा ट्यूनर गोंधळात पाडतो. ट्यूनर पेटीसारखे सारख्या अंतराचे अर्धस्वर धरतो. त्याच्या हिशेबाने ‘ग’ आणखी दीड-दोन मिलिमीटर पुढे येतो. तानपुऱ्याच्या तारेत मात्र पाचव्या भागाचा ‘ग’ आधीच मिसळलेला असतो. ट्यूनर ज्याला उतरलेला म्हणेल, तोच ‘ग’ तानपुऱ्याबरोबर गोड लागतो. म्हणून ट्यूनर मोकळ्या तारा जुळवण्यापुरता वापरावा, आणि सरावाला डीचा तानपुरा लावून ठेवावा.

‘म’ची परीक्षा व्हायोलिन स्वतःच घेते. डी तारेवर तिसरे बोट बरोबर पडले, तर तो सूर मोकळ्या जी तारेच्या दुप्पट कंपनांचा असतो, आणि जी तार न छेडताच कापू लागते. कागदाचा मुंगीएवढा तुकडा दुमडून जी तारेवर घोडीपासून पाव अंतरावर ठेवा आणि ‘म’वर गज फिरवा. बोट जागेवर असेल तर कागद थरथरतो, कधी उडून पडतो. बोट दोन-तीन मिलिमीटर सरकले की कागद जवळपास स्वस्थ. (तार इथे दोन भागांत डोलते, त्यामुळे बरोबर मध्यावर ठेवलेला कागद हलणार नाही.) मुलांना हा खेळ फार आवडतो, आणि ‘बरोबर-चूक’ सांगायला मोठ्या माणसाची गरज उरत नाही.

‘ट्विंकल’ची पहिली ओळ: सा सा प प ध ध प, म म ग ग रे रे सा. जपानी शिक्षक शिनिची सुझुकी यांच्या पद्धतीत मुले याच चालीपासून सुरू करतात, वाचन पुढे येते. आधी ओळ म्हणावी, मग तिची लय एकाच मोकळ्या तारेवर गजाने वाजवावी, मग सूर बोटाने छेडून शोधावेत. गज आणि बोटे एकदम नकोत. ‘सा सा प प’ला बोटच लागत नाही, फक्त उजवे कोपर किंचित खाली येते. ‘ध’ म्हणजे ए तारेवर पहिले बोट.

खरी अडचण ‘प’वरून ‘म’वर येताना. मूल तिसरे बोट एकटे टाकते आणि ते मागे पडते, ‘म’ उतरतो. उपाय त्या ओळीतच आहे: ‘प’ दोन मात्रांचा आहे. तो मोकळ्या ए तारेवर वाजत असतानाच तिन्ही बोटे एकदम डी तारेवर ठेवायची. बोटे उभी नसली तर ती ए तारेला लागतात आणि ‘प’ घुसमटतो, तेव्हा नखे कापलेली आहेत ना, हे पाहा. पुढे एकेक बोट उचलत गेले की म, ग, रे, सा आपोआप येतात.

‘हॅपी बर्थडे’ मंद्र ‘प’पासून सुरू होते, म्हणून तिथे ‘सा’ डीच्या तिसऱ्या बोटावर. सुरुवातीचे प प ध प सा नि म्हणजे मोकळी, मोकळी, पहिले, मोकळी, तिसरे, दुसरे. तिसऱ्या ओळीतला उंच ‘प’ हे एचे तिसरे बोट. चौथी ओळ ‘म म ग सा रे सा’. इथला ‘म’ ए तारेवर दुसऱ्या बोटाने लागतो, पण या वेळी ते पहिल्याला चिकटलेले हवे. सवयीने ते पुढे पडते आणि तीव्र म वाजतो. दुसऱ्या बोटाच्या या दोन ठेवणी, डीवर फाकलेली आणि एवर चिकटलेली, गाणे सुरू करण्याआधीच वेगवेगळ्या करून घ्याव्यात.

आकड्यांची यादी लिहून देण्याचा मोह होतो. ती जरूर द्या, पण मुलाला सूर सापडल्यावर. आधी दिली तर ते आकडे वाजवते, आणि एक आकडा चुकला की कुठे चुकले हे त्याला ऐकू येत नाही.

आवाज किरकिरतो तेव्हा दोष बहुधा गजाचा. फार हलका आणि वेगाने फिरवला तर शिट्टी, जोरात दाबून हळू ओढला तर घरघर. नव्या गजाला राळ लावलेली नसेल तर आवाज जवळपास येतच नाही. सुरुवातीला गजाचा मधला वीतभर भाग पुरे, घोडी आणि बोटे ठेवायच्या काळ्या पट्टीचे टोक यांच्या साधारण मध्यावर.

गुरुजींनी तारा हिंदुस्थानी पद्धतीने प-सा-प-सा जुळवल्या असतील, तर ‘ट्विंकल’ खालच्या ‘सा’च्या तारेवर जसेच्या तसे बसते. ‘हॅपी बर्थडे’चा नकाशा मात्र बदलतो, कारण प आणि सा या तारांत अंतर कमी असते.

डी-ए वर गाणे पक्के झाले, की तेच जी-डी वर आणि मग ए-ई वर वाजवायला सांगा. बोटे तीच राहतात, फक्त कोपराची उंची बदलते.